राणीच्या बागेतील झाडे: कोणत्या ऋतूत काय पाहावे?

मुंबईत लहानपण गेलेल्या बहुतेकांनी राणीची बाग पाहिलेली असते. पण ती बहुधा एकदाच, आणि तीही मे महिन्याच्या सुटीत. आठवणीत हत्ती, माकडे, पाणघोडा राहतात. अलीकडच्या मुलांच्या आठवणीत पेंग्विन. झाडे मात्र सावलीपुरती लक्षात राहतात. प्रत्यक्षात भायखळ्याची ही जागा आधी वनस्पती उद्यान म्हणून उभी राहिली आणि प्राणी तिथे नंतर आले. आजही बागेत तीन हजारांच्या आसपास वृक्ष आहेत. त्यांतले काही म्यानमार, आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जातींचे आहेत.

अशी बाग एका भेटीत कळत नाही. जानेवारीत फुलांनी लगडलेले झाड जुलैत नुसते हिरवे असते आणि जुलैत डेरेदार दिसणारे झाड मार्चमध्ये निष्पर्ण असते. म्हणून या लेखात राणीची बाग ऋतूंच्या क्रमाने पाहू. त्याआधी वनस्पती उद्यान म्हणजे काय आणि मुंबईतील झाडांचे वेळापत्रक कशावर ठरते, हेही समजून घेऊ.

वनस्पती उद्यान साध्या बागेपेक्षा वेगळे कसे?

नगरपालिकेच्या साध्या बागेत हिरवळ, फुलांचे वाफे, बाके आणि मुलांसाठी झोपाळे असतात. तिथे कोणते झाड लावायचे हे शोभा, सावली आणि खर्च पाहून ठरते. वनस्पती उद्यान हा त्याऐवजी एक संग्रह असतो. वस्तुसंग्रहालयात जशा वस्तू जमवून, ओळख पटवून, नोंद करून ठेवतात, तशा इथे जिवंत वनस्पती ठेवलेल्या असतात. प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि लागवडीची नोंद असावी, अशी अपेक्षा असते. संग्रह मुख्यतः वृक्षांचा असेल तर त्याला वृक्षोद्यान म्हणतात. राणीच्या बागेत ही दोन्ही रूपे एकत्र आहेत.

अशा उद्यानांची परंपरा जुनी आहे. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे उद्यान १५४५ मध्ये औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी सुरू झाले. भारतात हावड्याचे वनस्पती उद्यान १७८७ मधले आहे. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापारासाठी उपयोगी झाडे हवी होती, त्यातून ते उभे राहिले. चहा, साग, मसाले, रबर, तंतू देणाऱ्या वनस्पती एका खंडातून दुसऱ्या खंडात नेऊन तिथे त्या तग धरतात का, हे अशा उद्यानांत पाहिले जाई. त्यामुळे या जुन्या बागांमध्ये दूरदेशीची झाडे भरपूर दिसतात.

राणीची बाग कशी उभी राहिली?

पश्चिम भारतात शेती आणि बागकामाच्या प्रसारासाठी ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था काम करत होती. तिची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली. संस्थेला भायखळ्याला नवी जागा मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते नवी बाग खुली झाली. राणी व्हिक्टोरियाच्या नावावरून तिला ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ म्हटले गेले. मुंबईकरांनी तिची ‘राणीची बाग’ केली आणि पुढे अधिकृत नाव बदलले तरी बोलण्यातले नाव तेच राहिले.

१८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली. १८९० च्या सुमारास तिला आणखी सुमारे पंधरा एकर जमीन जोडली गेली आणि प्राणिसंग्रहालय सुरू झाले. आज या जागेचे अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’ असे आहे. नावात वनस्पती उद्यान आधी आणि प्राणिसंग्रहालय नंतर येते. इतिहासाचा क्रमही तोच आहे.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून खुले झाले. संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न केला, पण उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे इथे आणून पुन्हा जोडले गेले. ज्या बेटाला या हत्तीमुळे ‘एलिफंटा’ नाव पडले, त्या बेटावर आज हा हत्ती नाही.

मुंबईतील झाडे ऋतू कसा ओळखतात?

युरोपातील उद्यानांचे वर्ष थंडीवर चालते. तिथे शरदात पाने रंगतात, हिवाळ्यात गळतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. मुंबईत कडाक्याची थंडी नसते. जानेवारीतही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली जातो. इथे झाडांचे वर्ष प्रामुख्याने पाण्यावर ठरते. मुंबईत वर्षाला साधारण २,००० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे जातात.

पानांमधून पाण्याची सतत वाफ होत असते. जमिनीतील ओल कमी झाली की अनेक झाडे पाने गाळून हा खर्च वाचवतात. म्हणून इथली मुख्य पानगळ थंडीच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. नेमक्या याच काळात बरीच झाडे फुलतात. याची कारणे दोन. एक म्हणजे, पाने नसल्यामुळे फुले पक्ष्यांना आणि कीटकांना लांबून दिसतात. दुसरे म्हणजे, फेब्रुवारीत फुललेल्या झाडाच्या बिया मे-जूनपर्यंत तयार होतात आणि पहिल्या पावसाच्या ओलाव्यात रुजायला मोकळ्या होतात.

पाण्याखेरीज दिवसाची लांबी आणि तापमान यांचाही परिणाम होतो. त्यामुळे एकाच जातीची दोन झाडे दोन आठवड्यांच्या फरकाने फुलू शकतात. खालचे वेळापत्रक म्हणूनच ढोबळ आहे. एखाद्या वर्षी ते पुढे-मागे सरकते.

जून ते सप्टेंबर: पावसाळा

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. झाडांच्या दृष्टीने हीच वर्षाची सुरुवात.

या काळातील सर्वांत मोठा बदल गोरखचिंचेवर दिसतो. हे आफ्रिकेतील झाड अनेक शतकांपूर्वी समुद्रमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले असावे. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला, या समजुतीवरून त्याला हे नाव मिळाले. खोड प्रचंड जाड, मऊ आणि पाणी साठवणारे असते. कोरड्या महिन्यांत हे झाड पूर्ण निष्पर्ण असते आणि आखूड, जाड फांद्यांमुळे उलटे रोवल्यासारखे दिसते. पावसाच्या आगेमागे त्याला हाताच्या पंजासारखी पाने येतात आणि मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. फूल संध्याकाळनंतर उमलते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजते. परागीभवनाचे काम मुख्यतः वटवाघळे करतात. बाग रात्री बंद असल्यामुळे पाहणाऱ्याने सकाळी लवकर जाऊन झाडाखाली पडलेली फुले पाहावीत. त्यांच्यावरून वर काय घडून गेले ते कळते.

कदंब साधारण याच दिवसांत फुलतो. दुरून एकच गोल पिवळसर-केशरी फूल वाटते, पण तो शेकडो बारीक फुलांचा चेंडू असतो. मोठा करमळ हाही पावसाळ्यातला. त्याची पांढरी फुले तळहाताहून मोठी असतात आणि पाकळ्या लगेच गळतात. मग फुलाखालची हिरवी दले मिटून, जाड होऊन फळाभोवती आवरण तयार करतात. आपण ज्याला करमळाचे फळ म्हणतो, त्याचा बाहेरचा मांसल भाग म्हणजे ही दलेच असतात.

पावसात फुलांपेक्षा खोडांकडे पाहणे अधिक फायद्याचे असते. उन्हाळ्यात कोरडी, राखाडी दिसणारी साल शेवाळ आणि दगडफुलाने हिरवी होते. फांद्यांच्या बेचक्यांत नेचे उगवतात. पिंपळाच्या पानाचे लांब निमुळते टोक कशासाठी, तेही भर पावसात समजते. पानावरचे पाणी त्या टोकावरून पटकन ओघळून जाते.

पावसाळ्यात एक काळजी मात्र घ्यावी. वारा जोराचा असेल तर जुन्या मोठ्या झाडांखाली उभे राहू नये. मुंबईत दरवर्षी पावसाळ्यात झाडे आणि फांद्या पडतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर: सुगंधाचे महिने

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. या काळात झाड डोळ्यांआधी नाकाला सापडते.

सातविणीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. त्यांचा वास संध्याकाळी इतका दाट होतो की काहींना तो आवडतो आणि काहींचे डोके दुखते. एका देठाभोवती बहुधा सात पाने चक्रासारखी असतात. त्यावरून सप्तपर्णी हे संस्कृत नाव आणि सातवीण हे मराठी नाव आले. पाने मोजायला गेल्यास कधी पाच, कधी सहाही भरतात.

बुचाचे झाड म्हणजेच गगनजाई हे दुसरे सुगंधी झाड. उंच, सरळ वाढणाऱ्या या झाडाची लांब नळीची पांढरी फुले पहाटे खाली सडा घालतात. त्याची साल बुचासारखी मऊ आणि भेगाळलेली असते, त्यावरून हे नाव पडले. फुले इतकी उंचावर असतात की अनेकांना झाडाचा पत्ता सड्यावरूनच लागतो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला चेंडूफळाच्या झाडाखाली थांबावे. मूळ मलायाकडच्या या झाडाला लांब देठांवर चेंडू लोंबतात. कळ्यांचे चेंडू आधी तपकिरी आणि मखमली दिसतात, फुले उमलली की ते दुधी होतात. हेही वटवाघळांचे झाड आहे. रात्री उमलणे, फिकट रंग, फांद्यांपासून लांब लोंबणे ही लक्षणे दिसली की ते फूल वटवाघळांसाठी आहे, असा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. उडत येणाऱ्या वटवाघळाला पानांचा अडथळा न होता अशा फुलापर्यंत पोहोचता येते.

जानेवारी-फेब्रुवारी: उर्वशीचा हंगाम

बाग पाहायला हा सर्वांत सोयीचा काळ. हवा बरी असते आणि महापालिकेचे वार्षिक पुष्पप्रदर्शनही साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथेच भरते. गर्दी कुंड्यांतील फुलांभोवती असते. त्या वेळी बागेतले एक मोठे आकर्षण थोड्या अंतरावर, जमिनीत उभे असते.

ते म्हणजे उर्वशी. शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया नोबिलिस. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीच्या सन्मानार्थ नॅथॅनिएल वॉलिच यांनी हे नाव दिले. मूळ म्यानमारचे हे झाड तिथल्या जंगलातही अत्यंत दुर्मीळ आहे. झुंबरासारख्या लांब लोंबणाऱ्या देठांवर लाल फुले येतात आणि मोठ्या पाकळ्यांच्या टोकांना पिवळे ठिपके असतात. फुले नसतानाही एक गोष्ट पाहण्यासारखी असते. तिची कोवळी पाने गुलाबी-तपकिरी असतात आणि ओल्या फडक्यासारखी फांदीवरून सैल लोंबतात. काही दिवसांनी ती ताठ होऊन हिरवी पडतात.

उर्वशीला शेंगा फार क्वचित धरतात. त्यामुळे बी पेरून नवे झाड तयार करणे अवघड असते आणि बहुधा गुटी कलमावर अवलंबून राहावे लागते. याचा अर्थ, असे एखादे झाड गेले तर त्याच्या जागी आपोआप दुसरे उगवणार नाही. कोणीतरी आधीच कलम करून ठेवलेले असावे लागते.

याच काळात काटेसावर पाने गाळून लाल, मांसल फुलांनी भरते. फुलात भरपूर मध असल्याने कावळे, साळुंक्या, बुलबुल यांची दिवसभर वर्दळ असते. पक्षी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी फुललेल्या सावरीखालचा एक तास उत्तम. एप्रिल-मेमध्ये याच झाडाची बोंडे फुटून कापूस उडू लागतो.

मार्च-एप्रिल: पानगळ आणि पालवी

अनेकांना हा काळ बागेसाठी वाईट वाटतो. ऊन वाढते, जमिनीवर पाचोळा साचतो. पण झाडांच्या अभ्यासकाला हेच दिवस हवे असतात, कारण आता फांद्यांची रचना, पक्ष्यांची घरटी आणि नवी पालवी एकदम दिसते.

पिंपळाची जुनी पाने गळून तांबूस पालवी फुटते. कुसुंबाची पालवी तर इतकी लाल असते की लांबून झाड फुललेले वाटावे. कोवळी पाने लाल का? पानात हरितद्रव्य पूर्ण तयार होण्याआधी अँथोसायनिन नावाची तांबडी द्रव्ये जमा होतात. ती कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून वाचवतात, असे मानले जाते. शिवाय हरितद्रव्य उशिरा भरल्यामुळे, किड्यांनी पान खाल्ले तरी झाडाचे नुकसान कमी होते. पान जून आणि चिवट झाल्यावर मगच ते हिरवे होते.

सीतेचा अशोक याच सुमारास फुलतो. मुंबईत गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणालगत जी उंच, निमुळती झाडे ‘अशोक’ म्हणून लावलेली असतात, ती वेगळ्या कुळातली आहेत. त्यांना आसुपालव किंवा हिरवा अशोक म्हणतात आणि त्यांची फुले हिरवट, न दिसणारी असतात. खरा अशोक बुटका आणि डेरेदार असतो. त्याच्या केशरी फुलांचे घोस फांद्यांवर आणि कधी थेट खोडावरही येतात. नीट पाहिल्यास त्या फुलांना पाकळ्या नाहीत हे कळते. जे रंगीत दिसते ते निदलपुंजाचे भाग असतात. फूल आधी पिवळसर-केशरी असते आणि जुने होत जाईल तसे लाल होते, म्हणून एकाच घोसात तीन-चार छटा दिसतात.

एप्रिल-मे: भर उन्हातला बहर

शाळेच्या सुटीत येणाऱ्यांनी मान वर केली तर हा काळ निराश करत नाही. बहाव्याचे पिवळे घोस, गुलमोहराचा लाल, सोनमोहराचा पिवळा आणि ताम्हणाचा जांभळा हे चारही रंग साधारण एकाच वेळी शहरभर दिसतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास ते भरात असते. गुलमोहर मात्र मादागास्करचा. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, तिच्यावर पांढरट-पिवळे पट्टे असतात. खाली पडलेले फूल उचलून हे सहज तपासता येते.

वर्षावृक्ष हा अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. त्याच्या छत्रीसारख्या विस्ताराखाली बागेतली बरीच सावली आहे. उन्हाळ्यात त्यावर गुलाबी-पांढरी, पावडरच्या पफसारखी फुले येतात. त्याची पाने अंधार पडू लागल्यावर किंवा आभाळ गच्च भरून आल्यावर मिटतात. बाग बंद होण्याच्या सुमारास वर पाहिल्यास हे दिसते.

उन्हाळ्यातले सर्वांत नाट्यमय झाड म्हणजे कैलासपती. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता खोडातून निघालेल्या दोरांसारख्या देठांवर येतात. फुलात मधल्या उंचवट्यावर नागाच्या फणीसारखे आच्छादन असते. या आकारामुळे ते शिवमंदिरांच्या आवारात लावले जाते आणि अनेकांना ते भारतीयच वाटते. प्रत्यक्षात ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले आहे. फुलाची रचनाही हुशारीची आहे. त्यात मध नसतो. मधमाश्यांना फणीतले परागकण खायला मिळतात, आणि ते खाताना मधल्या कड्यातले परागकण त्यांच्या पाठीला लागून दुसऱ्या फुलापर्यंत जातात. फुलाचा वास मोहक असतो, पण तोफगोळ्यासारखे फळ पडून फुटले की त्यातल्या गराची घाण सुटते. फळ जड असते, म्हणून झाडाखाली रेंगाळू नये.

बाग पाहावी कशी?

पहिल्या भेटीत सगळी झाडे ओळखायचा प्रयत्न करू नये. पाच झाडे निवडावीत. उदाहरणार्थ गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती, सीतेचा अशोक आणि वर्षावृक्ष. प्रत्येक भेटीत फक्त त्या पाचांची नोंद करावी: पाने आहेत का, कोवळी की जून, कळ्या आहेत का, फुले की फळे, आणि झाडावर कोणते पक्षी-कीटक आहेत. सोबत तारीख लिहावी. दोन महिन्यांतून एकदा गेले तरी वर्षाअखेर पाच झाडांचे पूर्ण वेळापत्रक हाती येते. एकाच जागेवरून, एकाच कोनातून काढलेली छायाचित्रे त्याला चांगली जोड देतात.

अशा नोंदींना शास्त्रातही किंमत आहे. झाडे कधी फुलतात, कधी पालवतात याच्या अभ्यासाची एक स्वतंत्र शाखा आहे. हवामान बदलत असताना बहर लवकर येतो की उशिरा, हे ठरवायला अनेक वर्षांच्या साध्या नोंदी लागतात. भारतात ‘सीझनवॉच’ हा उपक्रम शाळकरी मुले आणि नागरिकांकडून नेमक्या अशाच नोंदी गोळा करतो.

काही व्यावहारिक गोष्टी:

भायखळा स्थानकाच्या पूर्वेकडून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बाग बुधवारी बंद असते. प्रवेशशुल्क आणि वेळा बदलत असल्याने जाण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

रविवार आणि सुट्ट्यांना प्राण्यांसाठी मोठी गर्दी असते. झाडांसाठी कामाच्या दिवसाची सकाळ बरी.

आधी जमिनीकडे, मग वर पाहावे. उंच झाडाची ओळख बहुतेक वेळा खाली पडलेल्या फुला-फळांवरून पटते.

पडलेले फूल उचलायला हरकत नाही, पण झाडावरचे तोडू नये आणि खोडावर काही कोरू नये. सालीच्या आतला थर झाडाचे अन्न वाहून नेतो. तो कापला गेला की जखम कायमची राहते.

या झाडांचे पुढे काय?

वस्तुसंग्रहालयातली मूर्ती शतकानुशतके टिकते. जिवंत संग्रहाचे तसे नसते. झाडे म्हातारी होतात, वादळात पडतात, त्यांना कीड लागते. शिवाय शहरातील झाडाचा मोठा धोका जमिनीखाली असतो. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळे मातीच्या वरच्या अर्ध्या ते एक मीटरच्या थरात पसरलेली असतात, आणि ती अनेकदा फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्या थरावर फरश्या बसल्या, माती दाबली गेली किंवा पायासाठी चर खणला गेला की झाड लगेच मरत नाही. ते काही वर्षांत हळूहळू वाळते. तोवर कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. बागेत नियमित येणाऱ्या काही नागरिकांनी झाडांच्या जातींची नोंद केली, बागेच्या वनस्पतीशास्त्रीय आणि वारसा मूल्याकडे लक्ष वेधले आणि अनेक वर्षे पाठपुरावा केला. पुढे मूळ आराखडा बदलला गेला. नंतर नूतनीकरण झाले, पेंग्विनही आले, पण बाग ही आधी वनस्पती उद्यान आहे हा मुद्दा या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आला. त्या नोंदी करणाऱ्यांना झाडे माहीत होती, कारण ती त्यांनी वर्षभर पाहिलेली होती. कागदावर ‘एक वृक्ष’ म्हणून मोजले जाणारे झाड उर्वशी आहे की रस्त्याकडेला कुठेही मिळणारे आहे, हे सांगायला ते फुललेले पाहिलेला माणूस लागतो.

असे संग्रह महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. पुण्याचे एम्प्रेस गार्डन आज ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ याच नावाची संस्था सांभाळते आणि तिथले जानेवारीतील पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे. वर सांगितलेली पद्धत तिथेही चालते. फक्त पुण्या-कोल्हापुरात थंडी थोडी जास्त आणि पाऊस वेगळा असल्याने तारखा बदलतील.

सुरुवात कधी करावी, असा प्रश्न असेल तर मेचा शेवटचा आठवडा चांगला. गोरखचिंचेच्या फांद्या तेव्हा उघड्या असतात किंवा त्यांना नुकते कोंब फुटत असतात. तेव्हा एक छायाचित्र काढून ठेवावे आणि पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा उभे राहावे. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली तर झाड तेच आहे हे पटवायला खोडाकडेच बोट दाखवावे लागते.